लाली घालवणारे आय ड्रॉप: कोणते घ्यावेत, कसे घालावेत आणि कधी हात लावू नये

लाल झालेले डोळे मिनिटभरात पांढरे करणारे थेंब डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय मिळतात. त्यामुळे बहुतेक लोक ते पाण्याइतके निरुपद्रवी समजून वापरतात. प्रत्यक्षात हे रक्तवाहिन्यांवर काम करणारं औषध आहे. योग्य डोळ्यात, योग्य प्रमाणात आणि दोन-तीन दिवसांपुरतं घातलं तर ते दिलेला शब्द पाळतं. सवय लागली तर जी लाली घालवायला ते आणलं, तीच लाली ते स्वतः तयार करायला लागतं.

म्हणून आधीच सांगून टाकतो: धूळ, धूर, पोहण्याच्या तलावातलं क्लोरीन, जागरण किंवा फार वेळ स्क्रीनकडे पाहणं यामुळे लाल झालेला, पण एरवी निरोगी असलेला डोळा काही तासांपुरता पांढरा करायचा असेल, तर हे थेंब चांगले आहेत. रोज सकाळी आरशात पाहून घालायचे हे थेंब नाहीत. दुखणाऱ्या, धूसर दिसणाऱ्या किंवा प्रकाश सहन न होणाऱ्या डोळ्यात तर ते अजिबात घालू नयेत.

डोळ्याच्या पांढऱ्या भागावर पातळ, पारदर्शक आवरण असतं आणि त्यात अतिशय बारीक रक्तवाहिन्यांचं जाळं असतं. डोळ्याला काही खुपलं, चुरचुरलं की त्या वाहिन्या रुंदावतात, जास्त रक्त तिथे येतं आणि डोळा तांबारतो. थेंबातलं औषध वाहिन्यांच्या भिंतीतल्या स्नायूंना आखडायला लावतं. वाहिन्या अरुंद होतात, रक्त कमी दिसतं, डोळा पांढरा दिसतो. खुपणारी गोष्ट मात्र जागच्या जागी राहते. धूळ असेल तर ती धुतली जात नाही, जंतू मरत नाहीत, कोरडेपणा जात नाही. पापणी उचलणाऱ्या एका छोट्या स्नायूवरही या औषधांपैकी काहींचा परिणाम होतो, त्यामुळे डोळा किंचित मोठा, ताजातवाना दिसतो. लोकांना हे थेंब आवडण्यामागे हेही एक कारण आहे.

बाटलीवरचं मोठं नाव सोडा, बारीक अक्षरं वाचा

या थेंबांची खरेदी करताना सर्वांत मोठी चूक होते ती ब्रँडच्या नावावर विसंबण्याची. एकाच घराण्याच्या नावाखाली लाली घालवणारे, ॲलर्जीचे आणि नुसते ओलावा देणारे असे तीन वेगवेगळे थेंब जवळजवळ सारख्या बाटल्यांत विकले जातात. ‘कोरड्या डोळ्यांसाठी’ म्हणून कुणी सांगितलेला ब्रँड दुकानातून आणला आणि हाती लालीचा प्रकार आला, असं सहज होतं. म्हणून मागच्या बाजूला ‘सक्रिय घटक’ या शब्दाखाली काय लिहिलंय ते पाहूनच बाटली घ्यावी.

टेट्राहायड्रोझोलिन ०.०५ टक्के हा या गटातला सर्वांत जुन्यांपैकी एक. व्हिसिन या ब्रँडच्या मूळ लालीच्या थेंबांत हाच होता. मिनिटभरात काम सुरू करतो, पण परिणाम टिकतो एक ते चार तास. लेबलवर ‘एक ते दोन थेंब, दिवसातून जास्तीत जास्त चार वेळा’ असं असतं. अडचण नेमकी या आकड्यांतच आहे: परिणाम लवकर उतरतो, म्हणून हात पुन्हा बाटलीकडे जातो. एखाद्या दिवशी, एकदा, यासाठी ठीक. त्यापुढे आम्ही याची शिफारस करणार नाही.

नॅफाझोलिन बिनचिठ्ठीच्या थेंबांत साधारण ०.०१२ ते ०.०३ टक्के असतं. क्लिअर आइजच्या लालीच्या थेंबांत ०.०१२ टक्के नॅफाझोलिन आणि जोडीला ग्लिसरीन आहे. हा थोडा जास्त वेळ टिकतो, पण लाली उलटून येण्याची खोड टेट्राहायड्रोझोलिनइतकीच. ग्लिसरीनमुळे घालताना बरं वाटतं, आणि पुढच्या बाजूला ‘ओलावा देणारे’ असं लिहायची सोयही होते. पण ओलाव्याचा घटक जोडीला असला म्हणून रक्तवाहिन्या आवळणारा घटक सौम्य होत नाही. डोळे कोरडे असतील तर असा दुहेरी थेंब रोज घालणं म्हणजे गरज नसलेलं औषध रोज घेणं.

नॅफाझोलिनसोबत खाज कमी करणारं फेनिरामिन असलेलेही थेंब मिळतात. नॅफकॉन-ए मध्ये ०.०२५ टक्के नॅफाझोलिन आणि ०.३ टक्के फेनिरामिन आहे. खाजेला हे खरोखर उतार देतात. पण ॲलर्जी दोन दिवसांत संपत नाही, ऋतूभर चालते, आणि हे थेंब ऋतूभर चालवता येत नाहीत. त्यासाठी किटोटिफेन किंवा ओलोपाटाडिन हे दुसरे थेंब आहेत. त्यांत रक्तवाहिन्या आवळणारं काही नसतं. किटोटिफेन दिवसातून दोनदा, ओलोपाटाडिन ताकदीप्रमाणे एकदा किंवा दोनदा. खाज हीच मुख्य तक्रार असेल तर पैसे तिकडे घालावेत.

ऑक्सिमेटाझोलिन ०.०२५ टक्के हे दर सहा तासांनी घालायचं औषध. ते बरं आहे. नाव ओळखीचं वाटेल, कारण हेच औषध नाकाच्या स्प्रेमध्येही असतं. पण तेवढ्यावरून नाकाची बाटली डोळ्यात उपडी करू नये. नाकातल्या औषधाची ताकद वेगळी, त्यातली इतर रसायनं वेगळी, आणि ते डोळ्यासाठी बनवलेलंच नसतं.

फिनाइलएफ्रिन ०.१२ टक्के या यादीत आम्ही शेवटी ठेवतो. हेच औषध जास्त ताकदीत, २.५ आणि १० टक्के, डोळ्यांचे डॉक्टर बाहुली मोठी करायला वापरतात. कमी ताकदीतही बाहुलीवर थोडा परिणाम होऊ शकतो. हवेच्या संपर्काने हे औषध खराब होऊन तपकिरी पडतं. रंग बदललेली बाटली टाकून द्यावी.

आता ब्रिमोनिडीन ०.०२५ टक्के, म्हणजे लुमिफाय. अमेरिकेत याला डिसेंबर २०१७ मध्ये मंजुरी मिळाली. हे मूळचं काचबिंदूचं औषध. काचबिंदूसाठी ते ०.१ ते ०.२ टक्के ताकदीत वापरतात. जुनी औषधं ज्या आल्फा-१ कुलपांवर (पेशीवरच्या, औषध चावीसारखं बसतं अशा जागांवर) काम करतात त्याऐवजी हे मुख्यतः आल्फा-२ वर काम करतं आणि त्याचा जोर रक्त आणणाऱ्या वाहिन्यांपेक्षा परत नेणाऱ्या बारीक शिरांवर जास्त असतो. त्यामुळे डोळ्याच्या आवरणाचा रक्तपुरवठा तितका तुटत नाही. परिणाम मिनिटभरात सुरू होऊन आठ तासांपर्यंत राहतो. मात्रा एकच थेंब, दर सहा ते आठ तासांनी, दिवसातून चारपेक्षा जास्त नाही, पाच वर्षांखालील मुलांना नाही. चाचण्यांमध्ये महिनाभर वापरूनही परिणाम घटला नाही आणि थांबवल्यावर लाली उलटण्याचं प्रमाण फार कमी दिसलं. या गटातून एकच बाटली निवडायची तर ती हीच. तरीही हे रोजच्या दात घासण्यासारखं नित्याचं करावं असं आमचं मत नाही: काचबिंदूसाठी हेच औषध जास्त ताकदीत महिनोन् महिने घेणाऱ्या काहींना त्याचीच ॲलर्जी होते, डोळे लाल होतात आणि खाजतात.

कापूर किंवा मेंथॉल घातलेल्या थेंबांबद्दलही बोललं पाहिजे. घातल्याबरोबर आधी झणझणतं, मग गार वाटतं, आणि तो गारवा म्हणजे गुण आला असं वाटतं. मेंथॉल थंडाव्याची जाणीव देणाऱ्या मज्जातंतूंना चेतवतं, एवढंच. कोरड्या किंवा आधीच सोललेल्या डोळ्यात ते आणखी चुरचुरतं.

एक थेंब कसा घालायचा

दोन थेंब घातले म्हणजे दुप्पट गुण, असं होत नाही, आणि याचं कारण साध्या मापात आहे. बाटलीतून पडणारा थेंब साधारण ३० ते ५० मायक्रोलिटरचा असतो. डोळ्यात आधीच सुमारे ७ मायक्रोलिटर अश्रू असतात, आणि सगळं मिळून डोळ्यात मावतं जेमतेम ३० मायक्रोलिटर. म्हणजे पहिलाच थेंब सांडतो. दुसरा गालावर जातो, किंवा नाकाकडच्या कोपऱ्यातल्या बारीक छिद्रातून नाकात, घशात आणि तिथून रक्तात. थेंब घातल्यावर घशात कडवट चव आली तर औषध डोळ्यात थांबलं नाही, खाली उतरलं असं समजावं. हृदयाचा किंवा रक्तदाबाचा त्रास असलेल्यांना हा उतरलेला भागच त्रास देतो.

आधी साबणाने हात धुवून कोरडे करा. कॉन्टॅक्ट लेन्स असेल तर काढा. बाटली उजेडात धरून पाहा: गढूळ झालंय का, रंग बदललाय का, काही तरंगतंय का. झाकण काढून तोंड वर येईल असं ठेवा, म्हणजे आतली बाजू टेबलाला लागणार नाही. डोकं मागे टाका किंवा सरळ आडवे व्हा. एका बोटाने खालची पापणी हलकेच खाली ओढा. तिथे छोटा खिसा तयार होतो. नजर वर, छताकडे. बाटलीचं टोक त्या खिशाच्या एक-दोन सेंटिमीटर वर धरा आणि एक थेंब खिशात सोडा. थेट बुबुळावर थेंब पडला की डोळा दचकून घट्ट मिटतो आणि अर्धं औषध बाहेर फेकलं जातं, म्हणून खिसाच हवा.

मग डोळा हलका मिटा. घट्ट आवळू नका आणि उघडझाप करू नका: पापण्यांची प्रत्येक उघडझाप अश्रूंना नाकाच्या नळीत ढकलते. डोळा मिटलेला असतानाच नाकाकडच्या कोपऱ्यावर, हाडाला टेकेल असं, बोट दाबून दोन मिनिटं धरा. एवढ्या एका सवयीने औषध डोळ्यात जास्त थांबतं आणि शरीरात कमी जातं. गालावर आलेलं स्वच्छ टिश्यूने टिपून घ्या, डोळा चोळू नका. शेवटी हात पुन्हा धुवा.

हात थरथरत असेल तर बाटली धरलेल्या हाताचा खालचा भाग कपाळावर टेकवावा. टोक स्थिर राहतं आणि पापणीला लागत नाही. थेंब पडला की नाही हे कळत नसेल तर आणखी दोन घालण्यापेक्षा दुसऱ्या कुणाला बघायला सांगावं. याच डोळ्यात दुसरंही औषध घालायचं असेल तर मध्ये किमान पाच मिनिटं जाऊ द्यावीत, नाहीतर दुसरा थेंब पहिल्याला धुऊन काढतो. मलम असेल तर ते सगळ्यात शेवटी.

घातल्यावर काही वेळ धूसर दिसू शकतं. नजर स्वच्छ होईपर्यंत गाडी चालवू नये.

लाली उलटते कशी

एक माणूस सकाळी थेंब घालतो. डोळा पांढरा होतो. दुपारपर्यंत औषध उतरतं, आणि आवळलेल्या वाहिन्या नुसत्या पूर्ववत होत नाहीत, पहिल्यापेक्षा जास्त रुंदावतात. इतके तास कमी रक्त मिळालेली पेशीजालं जास्त रक्त मागत असतात. डोळा सकाळपेक्षा लाल दिसतो, म्हणून दुसरा थेंब. काही दिवसांनी वाहिन्यांवरची कुलपं त्या औषधाला दाद देईनाशी होतात; दोन थेंब लागतात, मग दर दोन तासांनी लागतात. या टप्प्यावर माणसाला वाटतं की आपले डोळे मुळातच फार लाल असतात आणि थेंबांवाचून चालणारच नाही. खरं म्हणजे लाली आता बाटलीतून येत असते.

म्हणूनच लेबलवर ७२ तासांची मर्यादा लिहिलेली असते: तीन दिवस वापरून लाली हटली नाही किंवा वाढली तर थांबा आणि डॉक्टरांना दाखवा. तीन दिवसांत जी जात नाही ती धुळीची लाली नसते.

सवय आधीच लागली असेल तर थेंब बंद करणं हाच उपाय आहे, आणि तो सोपा नाही. पहिले काही दिवस डोळे अधिक लाल दिसतील. ही औषधाची उलटी लाट आहे. तेवढ्यात पुन्हा थेंब घातला तर मोजणी पहिल्यापासून. मिटलेल्या डोळ्यांवर गार ओल्या कापडाची पट्टी पाच-दहा मिनिटं, दिवसातून काही वेळा, आणि प्रिझर्व्हेटिव्ह (बाटलीत जंतू वाढू न देणारं रसायन) नसलेले कृत्रिम अश्रू, म्हणजे नुसता ओलावा देणारे थेंब, एवढ्यावर हा काळ काढावा. फार वर्षांची सवय असेल तर डोळे पूर्ववत व्हायला काही आठवडे लागतात. अशा वेळी डॉक्टर थोडे दिवस सौम्य स्टिरॉइडचे थेंब देऊ शकतात. ते आपल्या मनाने कधीही सुरू करू नयेत. स्टिरॉइडने डोळ्यातला दाब वाढतो, आणि नागिणीच्या जातीच्या विषाणूचा संसर्ग असेल तर बुबुळाला कायमची इजा होऊ शकते.

लालीच्या थेंबांचा दुसरा त्रास प्रिझर्व्हेटिव्हचा. बहुतेक बाटल्यांत बेंझाल्कोनियम क्लोराइड असतं. ते बाटलीत जंतू वाढू देत नाही, पण तेच डोळ्याच्या पृष्ठभागावरच्या पेशींनाही इजा करतं आणि अश्रूंचा थर मोडतं. दिवसाला एक-दोन थेंबांत हे जाणवत नाही; चार-सहा थेंब रोज, महिनोन् महिने, यात जाणवतं. मऊ कॉन्टॅक्ट लेन्स हे रसायन शोषून घेते आणि मग दिवसभर हळूहळू डोळ्यात सोडत राहते. म्हणून थेंबानंतर लेन्स घालायला किमान दहा-पंधरा मिनिटं थांबायचं. खरं तर डोळा लाल असताना लेन्स घालूच नये.

या डोळ्यांत नको

लेन्स वापरणाऱ्याचा एक डोळा लाल झाला, दुखतोय आणि उजेड सहन होत नाही. या माणसाने लालीचा थेंब घातला तर डोळा कदाचित थोडा पांढरा होईल, आणि बुबुळावरचा जंतुसंसर्ग वाढायला एक दिवस मोकळा मिळेल. लेन्समुळे होणारे काही संसर्ग, विशेषतः स्यूडोमोनास नावाच्या जंतूचे, इतके वेगवान असतात की एक दिवसही फार होतो. लेन्स काढावी, जपून ठेवावी आणि त्याच दिवशी डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जावं.

डोळ्याच्या आत सूज असेल तर लाली बहुतेकदा बुबुळाभोवती कड्यासारखी दिसते, पापणीच्या आत तितकी नसते. तीही थेंबांनी जात नाही. तीव्र काचबिंदूचा झटका आला तर डोळा लाल होतो, दगडासारखा कडक वाटतो, डोकं फुटेल इतकं दुखतं, दिव्यांभोवती रंगीत वलयं दिसतात, उलट्या होतात. ज्यांच्या डोळ्यातला पाण्याचा निचरा होण्याचा कोन मुळात अरुंद आहे, त्यांच्यात बाहुली मोठी करणारं कुठलंही औषध असा झटका आणू शकतं, आणि लालीचे थेंब त्यात येतात. डॉक्टरांनी ‘कोन अरुंद आहे’ असं कधी सांगितलं असेल तर या बाटल्या घरात नसलेल्याच बऱ्या.

डोळ्यात आम्ल, चुना, साफसफाईचं रसायन गेलं तर थेंब शोधत बसू नये. वाहत्या स्वच्छ पाण्याखाली डोळा उघडा धरून किमान पंधरा ते वीस मिनिटं धुवावा आणि मग थेट दवाखाना.

याउलट, पांढऱ्या भागावर रक्ताचा एकसारखा सपाट लाल डाग पडला, दुखत नाही, दिसायला नीट आहे, तर शिंक, खोकला किंवा चोळल्याने एखादी बारीक वाहिनी फुटली असण्याची शक्यता आहे. दिसायला हे भयंकर, पण सहसा निरुपद्रवी. रक्त वाहिनीच्या बाहेर सांडलेलं असतं, त्यामुळे वाहिन्या आवळणाऱ्या थेंबाचा काही उपयोग नाही. एक-दोन आठवड्यांत तो डाग पिवळसर होत आपोआप जातो. रक्त पातळ करणारी औषधं चालू असतील किंवा डाग पुन्हा पुन्हा पडत असेल तर मात्र दाखवून घ्यावं.

डोळे आले असतील, चिपडं आणि चिकटा येत असेल, तरी लालीचे थेंब कामाचे नाहीत. उलट घरातल्या सगळ्यांनी एकच बाटली वापरली तर साथ घरभर जाते. बाटली माणशी एक, हा नियम साध्या दिवसांतही पाळावा.

हृदयरोग, अनियंत्रित रक्तदाब, थायरॉइडचा अतिरेक, मधुमेह किंवा प्रोस्टेटच्या वाढीमुळे लघवीचा त्रास असेल तर आधी डॉक्टरांना विचारावं. नैराश्यावरची काही जुनी औषधं, म्हणजे एमएओ इनहिबिटर आणि ट्रायसायक्लिक गट, चालू असतील तरीही. गरोदरपणात आणि अंगावर पाजताना विचारल्याशिवाय नको. सहा वर्षांखालच्या (लुमिफायच्या बाबतीत पाच वर्षांखालच्या) मुलांच्या डोळ्यात हे थेंब डॉक्टरांनी सांगितल्याखेरीज घालू नयेत.

बाटली कुठे ठेवता यावर बरंच अवलंबून

हे थेंब गिळले गेले तर लहान मुलांसाठी विषासारखे आहेत. हा भाग आम्हाला सगळ्यांत महत्त्वाचा वाटतो, आणि खोक्यावर तो सगळ्यांत बारीक अक्षरांत असतो. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने ऑक्टोबर २०१२ मध्ये टेट्राहायड्रोझोलिन, ऑक्सिमेटाझोलिन आणि नॅफाझोलिन असलेल्या डोळ्यांच्या थेंबांबद्दल आणि नाकाच्या स्प्रेबद्दल इशारा दिला. १९८५ पासून तोवर पाच वर्षांपर्यंतच्या मुलांनी चुकून गिळल्याच्या ९६ घटना त्यांच्याकडे नोंदल्या होत्या. एक-दोन मिलिलिटर, म्हणजे चहाच्या चमच्याच्या निम्म्याहून कमी, एवढ्यानेही मूल गंभीर होऊ शकतं. डोळ्यात वाहिन्या आवळणारं हे औषध पोटातून मेंदूपर्यंत पोहोचलं की उलटं वागतं: मूल झोपाळू होतं, अंग गार पडतं, नाडी आणि श्वास मंदावतो, बेशुद्धी येते.

त्याच वर्षी तिथे असा नियम झाला की ज्या पॅकमध्ये या गटाचं औषध ०.०८ मिलिग्रॅम किंवा जास्त असेल, त्याला मुलांना उघडता येणार नाही असं झाकण हवं. ०.०५ टक्क्यांच्या थेंबांत मिलिलिटरला अर्धा मिलिग्रॅम औषध असतं, म्हणजे १५ मिलिलिटरच्या बाटलीत साडेसात मिलिग्रॅम. नियमातल्या मर्यादेच्या नव्वदपटीहून जास्त. तुमच्या बाटलीला साधं फिरकीचं झाकण असेल तर ती पर्समध्ये, उशाशी, गाडीच्या खणात ठेवू नका. कुलपात किंवा मुलांचा हात पोहोचणार नाही अशा उंचीवर ठेवा. मुलाने चोखल्याची नुसती शंका आली तरी लक्षणांची वाट न पाहता, उलटी न काढता, बाटली सोबत घेऊन रुग्णालयात जावं.

बाटली उघडली की त्या दिवसाची तारीख पेनाने लेबलवर लिहावी. लेबलवर वेगळं सांगितलं नसेल तर चार आठवड्यांनी ती फेकावी, अर्धी भरलेली असली तरी. टोक पापणीला, पापणीच्या केसाला, बोटाला लागलं की जंतू आत शिरतात. प्रिझर्व्हेटिव्ह नसलेल्या बाटल्यांबाबत तर जास्तच दक्षता हवी. २०२३ मध्ये अमेरिकेत प्रिझर्व्हेटिव्ह नसलेल्या कृत्रिम अश्रूंच्या दूषित बाटल्यांमुळे औषधांना न जुमानणाऱ्या स्यूडोमोनासचा संसर्ग १८ राज्यांत ८१ जणांना झाला; चौघे दगावले, चौदा जणांची दृष्टी गेली. एकेका वापराच्या छोट्या कुप्या मिळाल्या तर त्या घ्याव्यात आणि उघडलेली कुपी लेबलवर लिहिलेल्या वेळेनंतर ठेवू नये. कानाचे थेंब, नखांचा गोंद, झटपट चिकटणारा गोंद यांच्या बाटल्याही याच आकाराच्या असतात. त्या डोळ्यांच्या औषधांच्या खणात कधीही नकोत, आणि अंधारात, झोपेत चाचपडून थेंब घालू नये.

बऱ्याच डोळ्यांना लागतं ते वेगळंच

संध्याकाळी वाळू गेल्यासारखे खुपणारे, लाल होणारे डोळे बहुतेक वेळा कोरडे असतात. स्क्रीनकडे बघताना पापण्या कमी मिटतात आणि अर्धवट मिटतात, अश्रूंचा थर मध्येच तुटतो. अशा डोळ्याला हवे असतात कृत्रिम अश्रू: ०.५ टक्के कार्बॉक्सिमिथाइल सेल्युलोज किंवा ०.१ टक्का सोडियम हायलुरोनेट. दिवसातून चार वेळांहून जास्त लागत असतील तर प्रिझर्व्हेटिव्ह नसलेले. पंख्याचा किंवा एसीचा झोत तोंडावरून हटवा, स्क्रीन नजरेच्या थोडी खाली आणा, मधून मधून पापण्या पूर्ण मिटा. पापण्यांच्या कडांना सकाळी कोंड्यासारखे कण चिकटत असतील तर मिटलेल्या डोळ्यांवर सोसवेल इतक्या गरम कापडाचा शेक पाच-दहा मिनिटं द्यावा आणि मग कडा हलक्या हाताने पुसाव्यात. लालीच्या थेंबांनी यातलं काहीच साधत नाही. कृत्रिम अश्रूंनी पहिल्या मिनिटात डोळा पांढरा दिसत नाही, म्हणून लोक त्यांना कुचकामी ठरवतात. त्यांना दोन-तीन आठवडे नेमाने वापरून पाहावं.

डॉक्टरांकडे जाणार असाल तर त्या दिवशी सकाळपासून लालीचा थेंब घालू नका. लाली कुठे आहे, कड्यासारखी आहे की पसरलेली, हे त्यांना औषधाने झाकलेल्या डोळ्यात दिसत नाही. डॉक्टर स्वतः कधी कधी २.५ टक्के फिनाइलएफ्रिनचा थेंब घालून कुठली लाली ओसरते आणि कुठली राहते यावरून वरवरची सूज आणि खोलवरची सूज वेगळी ओळखतात. वापरत असलेली बाटली सोबत न्या आणि किती दिवसांपासून, दिवसातून किती वेळा घालता ते खरं सांगा.